तीन तुकड्यांचा पासवर्ड

शनिवारी दुपारी बाबांचा फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या ऑफिसात एका साहेबांच्या प्रिंटरशी भांडत होते. बाबा एरवी आधी जेवलीस का विचारतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "जागृती, गोजरानं पासवर्ड फिरवला. मंडलाची मेल जात नाय. उद्या तिच्याकडनं चावी काढून घेनार हायत."

"तिनंच फिरवला हे कुणी सांगितलं?"

"कम्प्युटर सांगतो ना. पासवर्ड चुकीचा हाय म्हनतो."

मी कपाळाला हात लावला. लोकांचे कम्प्युटर दुरुस्त करून मी पोट भरते. कम्प्युटर काय काय सांगतो आणि त्यातलं खरं किती असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. समोरचा प्रिंटर काठोकाठ कागद भरलेला असताना 'कागद नाही' म्हणून ओरडत होता. असल्या यंत्राच्या शब्दावर आमचं गाव एका बाईची अब्रू काढायला निघालं होतं.

आमचं गाव उलव्याच्या टॉवरांमागे, खाडीला लागून आहे. गावदेवीच्या दानपेटीला तीन कुलपं, आणि तीन चाव्या तीन घरांत: एक पंढरीकाकांकडे, एक माझ्या माहेरी बाबांकडे, एक धनाजीकाकांकडे. तिघं समोर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. कुणा जुन्या माणसानं हे ठरवलं आणि चांगलं ठरवलं, कारण त्या पेटीवरून गावात कधी भांडण झालं नाही. धनाजीकाका गेले तेव्हा त्यांची चावी त्यांच्या बायकोकडे, गोजराकाकीकडे राहिली. त्यांना मूलबाळ नाही. बाईच्या कमरेला देवळाची चावी कशी, म्हणून कुजबुज झाली. देवळात बसलीय ती कोण आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. काकीनं चावी कमरेला खोचली आणि रोजच्यासारखी मासळीची पाटी घेऊन नेरूळच्या बाजारात गेली.

मच्छीमार मंडळाला ईमेलचा पत्ता घ्यायची वेळ आली तेव्हा गावानं तीच अक्कल वापरली. पंढरीकाकांच्या पुतण्यानं, मिथुननं, कुठल्याशा स्वस्त कंपनीकडून मंडळाच्या नावाचा पत्ता घेतला आणि पासवर्डचे तीन तुकडे केले. प्रत्येक चावीच्या घराला एक तुकडा, आणि तो फक्त त्या घरालाच माहीत. पासवर्ड लॅपटॉपमध्ये साठवून ठेवायचा नाही असा ठराव. मेल बघायची असो की पाठवायची, तिघांनी देवळामागच्या हॉलमध्ये यायचं, एकेकानं आपला तुकडा टाकायचा आणि तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसले होते. नंतर हसू ओसरलं. आमच्या ऑफिसात मोठमोठ्या साहेबांचे पासवर्ड स्क्रीनवर पिवळ्या चिठ्ठ्यांवर चिकटवलेले असतात. त्यापेक्षा माझं गाव शहाणं.

पण शहाणपणाला राग आला की ते कुठे जातं, देव जाणे.

खाडीवर रस्त्याचा नवा पूल येतोय. त्याची कमान इतकी खाली धरलीय की भरतीच्या वेळी आमच्या होड्या तिच्याखालून जायच्या नाहीत. हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत, आणि तीही मंडळाच्या नोंदलेल्या ईमेलवरूनच. शनिवारी तिघं बसले. मेल उघडताना प्रोग्रॅमनं पासवर्ड मागितला, तिघांनी तुकडे टाकले, आलेली पत्रं भराभर उतरली. मग हरकतीचं पत्र पाठवायला घेतलं, तर त्यानं पुन्हा पासवर्ड मागितला, कारण येणारी आणि जाणारी मेल हे दोन वेगळे दरवाजे असतात. पुन्हा तिघांनी तुकडे टाकले. उत्तर आलं: पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाकले, पुन्हा तेच.

शेंबडं पोरही म्हणेल की ज्या पासवर्डनं मेल आली तोच पासवर्ड जाताना चुकीचा कसा? आमच्या गावाचा निष्कर्ष वेगळा. म्हणे, येताना गोजरानं बरोबर टाकला आणि पाठवताना मुद्दाम चुकीचा. का? तर पुलाच्या कंत्राटदाराच्या कामगारांना ती मासळी विकते. मासळी विकणारी बाई मासळी विकणार नाही तर काय विकणार? आणि त्याच कंत्राटदाराचे डंपर पंढरीकाकांच्या प्लॉटवर भाड्यानं उभे असतात, ते कुणाला दिसले नाहीत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

संध्याकाळी मी घरच्या लॅपटॉपवरून त्या कंपनीच्या सर्व्हरला जाऊन विचारलं की बाबा रे, तू माणसाची ओळख कशी कशी पटवून घेतोस. सर्व्हर ते कुणालाही सांगतो, त्यात चोरी नाही. त्याचं उत्तर वाचलं आणि मला शंका आली. मग कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून एक पोरगा बोलला, "मॅडम, तुमचा पासवर्ड चेक करा." मी म्हटलं, माझा नाही, तुमचा सर्व्हर चेक करा. तो पुन्हा म्हणाला, पासवर्ड चेक करा. मी आवाज चढवला. शेवटी त्याचा सीनियर लाइनवर आला, गेल्या आठवड्यात सर्व्हर बदलल्याचं त्यानं कबूल केलं, आणि मी विचारलं त्यावर "हो, तो एक इश्यू आहे" असं हळूच म्हणाला. इश्यू! इकडे एका घराला काळं फासलं जात होतं आणि त्यांच्याकडे तो इश्यू होता.

रविवारी सकाळी गावात गेले. बाबा टीव्हीसमोर होते.

"बाबा, काल हॉलमध्ये तुमी काय बोललात?"

"तिथं सगलेच बोलत होते," बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले.

"तुमी तिच्या बाजूनं एक शब्द तरी काढलात का?"

"एकट्यानं काय होतंय?"

पोर्टातली नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, युनियनच्या मोर्चात पुढे चालायचा, आणि आता पंढरीकाकांपुढे तोंड उघडत नाही! माझ्या अंगाची आग झाली. मी चहा न घेता निघाले.

गोजराकाकी अंगणात चादरीवर जवळा वाळत घालत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"इचार, बाय. सगले इचारतान तसा तू पन इचार."

"मी काही विचारत नाही, काकी. तुमी बरोबरच टाकला."

"तुला काय म्हाईत? भितीकडं तोंड करून बसलेल्यांना म्हाईत नाय."

"मेल आली ना. चुकीच्या पासवर्डनं मेल येत नाही."

तिनं मूठभर जवळा चादरीवर असा फेकला की माश्या उडाल्या. "मंग ह्या त्यांना कला नाय? पंढरी म्हनतो, चावी दे आनि तुजा तुकडा पन मना सांग. चावी काय, लोखंड हाय, ने, बोलली मी. पन धनाजीचा घर चोराचा घर झाला, त्या कोन निस्तरनार? उद्या बाजारात माज्या बाजूला बसनारी पन पैशाचा गल्ला सरकवून बसल."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "चावी देऊ नका. दुपारी हॉलवर या."

"येनार तर हायच. मी काय तोंड लपवीन?"

दुपारी हॉल भरला होता. पंढरीकाका खुर्चीत मध्ये, शेजारी बाबा, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यामागे मिथुन. काकी दाराला टेकून उभी राहिली, कारण तिला कुणी बस म्हटलं नाही. गोजरा, चावी ठेव, असं पंढरीकाका म्हणतात न म्हणतात तोच मी पुढे गेले.

"आधी माझं ऐका, काका. मग काय ठेवायचं ते ठेवा."

"तू सासरची. गावाच्या कामात—"

"सासरची असले तरी चावीच्या घरातली हाय. मिथुन, मेलचं सेटिंग उघड. पाठवायच्या सर्व्हरचं."

मिथुननं उघडलं. ओळख पटवायची पद्धत, तिच्यापुढे लिहिलेलं: ऑटोमॅटिक.

"मी काय केलं नाय हां," तो लगेच म्हणाला. "पयल्यापासून असंच हाय. टेन्शन नको म्हणून ऑटोमॅटिक."

"तुझा दोष कुणी काढला का? गप ऐक." मी लोकांकडे वळले. "मेल पाठवायची म्हणजे सर्व्हरच्या दारावरच्या वॉचमनला पटवायचं की आपण आपणच आहोत. वॉचमन आधी सांगतो, मी अमक्या अमक्या पद्धतीनं ओळख पटवून घेतो. त्यातली एक पद्धत आपला प्रोग्रॅम निवडतो. ऑटोमॅटिक म्हणजे निवड त्याची, आपल्याला विचारत पण नाही."

"किती पद्धती?" मागून कुणीतरी विचारलं.

"आज कामाच्या दोन. एक साधी: बंद खोलीत जायचं आणि वॉचमनच्या कानात पासवर्ड सांगायचा. दुसरी जरा हुशारीची: पासवर्ड सांगायचाच नाही. वॉचमन एक कोडं घालतो, आणि ज्याला पासवर्ड माहीत असेल त्यालाच त्याचं उत्तर येतं. प्रोग्रॅमला कोडं जास्त सुरक्षित वाटतं. वॉचमन म्हणाला मला दोन्ही येतात, म्हणून आपल्या प्रोग्रॅमनं कोडं निवडलं."

"मंग चांगलाच ना," पंढरीकाका म्हणाले.

"वॉचमनला उत्तर तपासता येत असेल तर चांगलं. ह्याला येत नाही! कंपनीनं सर्व्हर बदलला, पाटीवर कोडं लिहून ठेवलं आणि उत्तर तपासायची सोयच केली नाही. आपण उत्तर बरोबर दिलं. त्याला ते तपासता येईना. मग मला येत नाही म्हणावं की नाही? नाही. म्हणाला, तुमचं उत्तर चूक. आणि हा आपला प्रोग्रॅम, हा दुसरा शहाणा! एक पद्धत फसली तर दुसरी करून बघेल, निदान मी कोडंवाली पद्धत निवडली होती असं सांगेल. तेही नाही. सरळ तुमच्या तोंडावर मारतो, पासवर्ड चुकीचा. ज्याला तपासता येत नाही त्यानं दुसऱ्याला चूक ठरवायचं कशाला?"

शेवटचं वाक्य मी कुणाकडे बघून बोलले ते पंढरीकाकांना कळलं. ते खुर्चीत सरसावले. "ह्या तुजा पुस्तकी झाला. तिनं नाय चुकवला ह्याला पुरावा काय?"

"मिथुन, तुझा स्वतःचा पत्ता पण ह्याच कंपनीचा ना? त्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"मला एकट्यालाच."

"ह्याच लॅपटॉपवर टाक. सेटिंग ऑटोमॅटिकच ठेव. काकांना एक मेल पाठव."

मिथुननं आपलं खातं उघडलं, पासवर्ड टाकला. त्याची मेल आली. मग त्यानं काकांना 'नमस्कार' लिहून पाठवलं, पुन्हा पासवर्ड टाकला. पासवर्ड चुकीचा आहे. त्यानं डोळे बारीक केले, एकेक अक्षर जपून टाकलं. पासवर्ड चुकीचा आहे. त्याचे कान लाल झाले.

"काय रे मिथुन, कंत्राटदाराला मासळी विकतोस काय?" मी विचारलं.

हॉलमध्ये खसखस पिकली. मला हसू येत नव्हतं. मी सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक काढून साधा पासवर्ड ठेवला, लाइन आधीपासून बंद खोलीसारखी कुलूपबंद आहे हे तपासून घेतलं, आणि मिथुनला म्हटलं, आता टाक. त्यानं टाकला. पंढरीकाकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढून बघितलं. नमस्कार आला होता.

मला वाटलं होतं, आता हॉलमध्ये कुणीतरी उठेल. कुणीतरी दाराकडे जाईल आणि म्हणेल, गोजरा, चुकलं आमचं. मी खरंच वाट बघत होते. लोक एकमेकांशी बोलायला लागले, हल्लीच्या कम्प्युटरचं काही खरं नाही, माझ्या फोनचंही असंच झालं होतं, वगैरे. पंढरीकाकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"चला, बरा झाला. कम्प्युटरची चूक निघाली. गोजराचा काय दोष नाय, मंडलानं मोठ्या मनानं विषय मिटवला. ये गोजरा, टाक तुजा तुकडा. पत्र जाऊ दे."

मोठ्या मनानं! माझ्या तोंडात शिवी आली होती. पण काकी आधी बोलली. ती दारातून हलली नाही.

"कम्प्युटरनं माजा नाव घेतला होता काय रे पंढरी?"

पंढरीकाकांनी लॅपटॉप तिच्या दिशेनं वळवला.

"तो बोलला, पासवर्ड चुकला. पासवर्ड तिघांचा. एक तुजा, एक गंगारामचा, एक माजा. तिघांतला माजाच वाईट, ह्या पयला कोन बोलला? मी भितीकडं तोंड करून बसली होती, मना दिसला नाय. आनि मागना सगले एकदम वरडायला लागले. जो पयला बोलला त्यानं उभा ऱ्हावा. मंग मी तुकडा टाकते."

"आता जुना कशाला उकरून काढतेस—"

"कालचा हाय. जुना नाय."

मी पंढरीकाकांकडे बघत होते. शनिवारपासून मी त्यांच्याच नावानं बोटं मोडत होते. आता ह्यांनी उठून सगळ्यांसमोर कबूल करावं, एवढीच माझी इच्छा होती. पंढरीकाका शेजारी बघायला लागले.

शेजारी माझे बाबा होते. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"मी बोललो, वयनी," बाबा म्हणाले.

सकाळी मी ह्याच माणसाला, तिच्या बाजूनं शब्द काढलात का, असं विचारलं होतं.

बाबा टेबल धरून उभे होते. "मना वाटला, माजाच चुकला. डोल्याचा आपरेशन झाल्यापासना त्या बटनांवरची अक्षरा मना धड दिसत नाय. कोनाला सांगितला नाय मी. अंदाजानं टाकतो. काल तो चुकीचा चुकीचा करायला लागला, पंढरी बोलला, कोनाचा चुकतोय बगा. आता सगले माज्याकडं बगनार, चावी माज्याकडना जानार, असा वाटला. म्हनून मी बोललो, गोजराचा बगा."

"तुजा बरोबर होता," काकी म्हणाली.

"आता कला."

काकी चालत टेबलापर्यंत आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. ती बाबांपेक्षा बरीच बुटकी आहे, मान वर करून बोलत होती.

"तुजा चुकला असता तर काय झाला असता, गंगाराम? लोक हासली असती. आजोबा, चश्मा लावा, बोलली असती. परत टाकला असतास. चावी तुज्याच घरात ऱ्हायली असती. माजा चुकला बोललास, तं मी चोर झाली. एका तुकड्याची दोन मापां कशी रे तुमची?"

बाबांनी हात जोडले. पंढरीकाका जमिनीकडे बघत होते आणि बाकी हॉलही जमिनीकडेच बघत होता. आदल्या दिवशी हात वर करून 'काढून घ्या चावी' म्हणणाऱ्यांपैकी एकानंही त्या दिवशी तोंड उघडलं नाही, आणि आजवर उघडलेलं नाही.

काकीनं पदरानं बोटं पुसली आणि लॅपटॉपसमोर बसली. मंडळाच्या खात्यालाही मी तोच बदल केला. पंढरीकाकांनी आपला तुकडा टाकला. बाबांना मी बोट धरून एकेक बटण दाखवायला गेले, तर तिनं मला हटकलं, "त्याचा तो टाकल. तू भितीकडं बग." बाबांनी डोळे किलकिले करून, वेळ लावून टाकला. मग तिनं टाकला. हरकतीचं पत्र गेलं.

चावी तिच्याकडेच राहिली. ती ठेव असं कुणी म्हटलं नाही, आणि दे असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

परत येताना बाबा माझ्या मागून चालत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "लय चिडलीस काय माज्यावर?"

"हो."

"उद्यापरत राग जाईल?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "उद्या पण असेल."